कुंडीतला वड आणि आक्कांचा प्रश्न



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. सातवा दिवस, उत्तम तप. दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचतात, म्हणजे त्या दिवशी सातवा अध्याय होता, व्रतांचा. पंडितजींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार समजावून सांगितले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारझोड करणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि खाण्यापिण्यावाचून ठेवणं.

मंदिरातून परतताना आमच्या सोसायटीतल्या आक्का माझ्याबरोबर घरी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर तल्लख. गॅलरीत माझा कुंडीतला वड आहे, हातभरसुद्धा उंच नाही. त्याच्या एका फांदीला तेव्हा तार गुंडाळलेली होती.

"अगं, हे काय बांधून ठेवलंयस?" आक्कांनी विचारलं.

मी कौतुकानं सांगायला लागले की फांदीला वळण लावायला तार लागते.

"मुळं पण कापतेस?"

"दर दोन-तीन वर्षांनी."

"आणि फांद्या?"

"त्या तर सारख्याच खुडाव्या लागतात."

"माती-खत?"

"बेताचंच."

आक्का जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्ताच तर ऐकून आलो ना गं आपण."

मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण त्या रात्री वडाकडे बघवेना. नंतर वर्षभर मिळेल ते वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. वाचताना कळलं की आक्कांच्या प्रश्नासारखाच एक प्रश्न सातशे वर्षांपूर्वी जपानमध्येही पडून गेला आहे. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी आमच्या वडाचं सांगते. २००६ साली आमचे हे चाकणजवळच्या एका कारखान्यात होते. पावसाळ्याआधी शेडच्या पन्हळी साफ करताना एका पन्हळीत वीतभर वडाचं रोप सापडलं. पाखरं वडाची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी कुठेही पडतं, भिंतीच्या फटीत, गच्चीवर, पत्र्याच्या सांध्यात. तिथेच ते रुजतं. मुळं पुढे बांधकाम फोडतात, म्हणून लोक ते उपटतात, वर ॲसिडही ओततात. ह्यांनी ते रोप डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. म्हणाले, "आईंच्या तुळशीशेजारी जगलं तर जगलं." ते जगलं. वर्षभरानं ओळखीच्या एका ताईंनी सांगितलं, याचं बोन्साय छान होईल.

आपल्या गावांची नावं बघा. चिंचवड म्हणजे चिंच आणि वड. पिंपरी हेही वड-पिंपळाच्याच कुळातलं झाड. आपल्या हवेत ज्यांचं बोन्साय उत्तम होतं ती झाडं हीच आहेत, वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, चिंच. वडाच्या कुळातल्या झाडांना फटीत जगायची सवय असते. मूठभर मातीवर ती वर्षानुवर्षं तग धरतात.

आपल्या घरांत मात्र या कुळाची ओळख वेगळ्या कारणानं आहे. आपण पाच उदुंबर फळांचा त्याग करतो, वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर म्हणजे अंजीर. ही पाचही झाडं एकाच कुळातली. यांचं फूल बाहेर दिसत नाही, ते फळाच्या आतच असतं, आणि त्यात शिरून परागीकरण करणारे इवलेसे कीटक आतच अंडी घालतात. वनस्पतिशास्त्र आज जे भिंगातून दाखवतं ते लक्षात घेऊन आपल्या आज्या-पणज्या ते फळ ताटात येऊ देत नव्हत्या. आणि याच कुळातल्या वडाखाली भगवान आदिनाथांना केवलज्ञान झालं. म्हणजे झाड पूज्य, फळ वर्ज्य. अशा झाडाला मी तार गुंडाळून बसले होते.

आता ही कला आली कुठून ते पाहू. आपल्याला बोन्साय म्हटलं की जपान आठवतो. हल्ली चाकण-तळेगावच्या रस्त्यांवर जपानी कंपन्यांच्या पाट्या दिसतात, त्यामुळे तो देश परकाही वाटत नाही. पण कलेचं मूळ चीनमधलं. तिथे इसवी सन ७०६ च्या सुमारास एका राजपुत्राच्या कबरीत काढलेलं भित्तिचित्र आहे. त्यात एक सेवक पसरट तबक घेऊन उभा आहे आणि तबकात दगड आणि छोटी झाडं आहेत. पुढे ही कला जपानात गेली. तिथल्या १३०९ सालच्या एका चित्रगुंडाळीत कुंडीतली अशी झाडं दिसतात. ‘बोन’ म्हणजे तबकासारखी पसरट कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लागवड, इतका साधा तो शब्द आहे.

साधारण १३३० च्या सुमाराला केन्को नावाच्या बौद्ध भिक्षूनं एक टिपणवजा पुस्तक लिहिलं, ‘त्सुरेझुरेगुसा’. त्यात सुकेतोमो नावाच्या दरबारी माणसाचा किस्सा आहे. पाऊस आला म्हणून तो क्योतोच्या तोजी मंदिराच्या दरवाजात थांबला. तिथे हातपाय वाकलेले बरेच दीनदुबळे लोक आडोशाला बसले होते. आधी तो त्यांच्याकडे कुतूहलानं बघत राहिला. मग त्याचं मन उबगलं आणि त्याला वाटलं, साधं सरळ असतं तेच चांगलं. त्याला चित्रविचित्र वाकड्या आकाराची झाडं कुंडीत जमवायचा नाद होता. घरी आल्यावर ती झाडं त्याला आवडेनात, आणि त्यानं सगळी उपटून फेकून दिली.

हे वाचून मला धीरही आला आणि रागही आला. धीर यासाठी की ही शंका नवी नाही. राग यासाठी की सुकेतोमोला प्रश्न पडला तो रूपाचा. माणसं काय, झाडं काय, त्याला ती डोळ्यांना बरी दिसतात की नाही एवढंच पाहायचं होतं. झाडात जीव आहे हा विचार त्या गोष्टीत कुठेच येत नाही. वाकवलं तेव्हाही नाही आणि उपटलं तेव्हाही नाही. आपल्याला तो मार्ग नाही. आधी एका जिवाला परावलंबी करायचं आणि मग पश्चात्ताप झाला म्हणून कचऱ्यात टाकायचं, ही तर दुप्पट हिंसा.

जपानातलीच दुसरी गोष्ट मला अधिक जवळची वाटली. ‘हाचिनोकी’ नावाचं जुनं नो नाटक आहे. नावाचा अर्थच कुंडीतली झाडं. बर्फ पडत असताना एक प्रवासी साधू एका गरीब सामुराईच्या झोपडीत येतो. घरात जाळायला लाकूड नाही. सामुराईजवळ एकच संपत्ती उरलेली असते, आलुबुखार, चेरी आणि पाइन अशी तीन कुंडीतली झाडं. अतिथीला ऊब मिळावी म्हणून तो ती तोडून जाळतो. साधू खरं तर वेष पालटून फिरणारा माजी राज्यकर्ता असतो आणि पुढे तो त्याला त्या तीन झाडांच्या नावाच्या तीन जहागिऱ्या देतो. झाडं जाळणं आपल्याला रुचणार नाही, मलाही नाही. पण ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त जीव आहे ती अतिथीसाठी हातातून सुटते का, हा प्रश्न आपल्या आकिंचन्य धर्माच्या जवळचा आहे. माझी गॅलरी पाहून कोणी वाहवा केली की मला किती बरं वाटतं, ते मला माहीत आहे. तो परिग्रहच. कुंडी लहान असली म्हणून परिग्रह लहान होत नाही.

मग ते हिरोशिमाचं झाड. पांढऱ्या पाइनचं हे बोन्साय १६२५ पासून वळण देत जोपासलेलं आहे. यामाकी नावाच्या घराण्यात ते पिढ्यानुपिढ्या सांभाळलं गेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा हे घर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर होतं. खिडक्यांच्या काचा फुटल्या, पण भिंतीच्या आडोशाला असलेलं झाड वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्याच देशाला, आणि बॉम्बचा उल्लेखही न करता. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनच्या संग्रहालयात झाड बघायला गेले तेव्हा तिथल्या लोकांना ही हकिगत कळली. क्षमावाणीच्या दिवशी आपण एकमेकींना क्षमा मागतो, त्या दिवशी मला हे झाड आठवतं.

या पाइनबद्दल मला एक गोष्ट फार लागली. चारशे वर्षं एवढ्याशा मातीतलं झाड जगलं याचा अर्थ चारशे वर्षं कोणी ना कोणी त्याला न चुकता पाणी घातलं. घरात लग्न असो, सुतक असो, युद्ध असो. जमिनीतलं झाड मुळं खोल पाठवून आपलं पाणी शोधतं. कुंडीतल्या झाडाला ती सोय आपण ठेवलेली नसते.

पाइनची हौस आपल्याकडे सहसा भागत नाही. पांढऱ्या पाइनला कडक थंडी लागते, चिंचवडचा मे महिना त्याला सोसत नाही. म्हणून इथले बोन्साय करणारे बरेचदा सुरू लावतात. सुरूच्या काड्या दुरून पाइनच्या सुयांसारख्याच दिसतात. बाकी वड, उंबर, चिंच ही आपली झाडं आहेतच. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी बोन्साय शिकवलं, त्यावर पुस्तकं लिहिली. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ हे प्रदर्शन भरवलं. तीन हजारांहून अधिक बोन्साय एकत्र मांडली होती आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

ते प्रदर्शन मी पाहिलं. योगायोग असा की त्याच महिन्यात श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा सोहळा, आमची बस सोसायटीतूनच निघाली होती. सुमारे ५७ फुटांच्या त्या मूर्तीसमोर मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिले, आणि परत आल्यावर थोड्याच दिवसांत वीतभर झाडांसमोर वाकून उभी होते. तेव्हा मजा वाटली होती, एवढंच. आक्कांच्या प्रश्नानंतर ती दोन चित्रं पुन्हा शेजारी आली.

बाहुबलींच्या पायांवरून, मांड्यांवरून, दंडांपर्यंत माधवीच्या वेली चढलेल्या आहेत. पायांशी वारुळं आहेत. भगवंत वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, हलले नाहीत. स्वतःला स्थिर केलं आणि वेलीला हवं तसं वाढू दिलं. बोन्सायमध्ये मी नेमकं उलटं करते. झाडाला स्थिर करते आणि स्वतः हवी तशी फिरते. बोन्साय आपल्याला संयम शिकवतं असं कार्यशाळांमध्ये फार सांगतात. मीही सांगत होते. पण संयम स्वतःहून घ्यायचा असतो. दुसऱ्यावर लादला तर त्याचं नाव बंध. हे आपण बायकांना कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

मग शास्त्र काय म्हणतं? ते पाच अतिचार मुख्यतः त्रस जिवांच्या संदर्भात सांगितलेत, म्हणजे गुरंढोरं, घरातली माणसं, नोकरचाकर. गृहस्थाला एकेंद्रिय जिवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, नाहीतर भाजीसुद्धा चिरता येणार नाही. पण समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचं प्रकरण सांगितलं आहे. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे सगळं त्यात येतं. श्वेतांबर परंपरेच्या आचारांगात तर वनस्पतीची तुलना थेट माणसाच्या देहाशी केली आहे, दोघं जन्मतात, वाढतात, कापलं की कोमेजतात. म्हणजे आक्कांच्या प्रश्नाचं खरं रूप असं की भाजी चिरणं गरजेचं आहे, वडाची मुळं छाटणं कशासाठी? माझ्या हौसेसाठी. हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

आणखी एक गोष्ट पाचव्या अध्यायातली. आत्मा देहाच्या आकाराचा होतो, दिव्याच्या प्रकाशासारखा. दिवा खोलीत ठेवला तर खोलीभर, मडक्यात ठेवला तर मडक्याएवढा, पण दिवा तोच. मुंगीतला जीव हत्तीतल्या जिवापेक्षा उणा नाही. बोन्सायचंही तसंच असतं. ही काही बुटकी जात नव्हे. माझा वड उद्या शेतात लावला तर पारंब्या सोडून अंगण व्यापेल. मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. रक्षाबंधनाची कथा आपल्याला पाठ आहे. अकंपनाचार्यांसह सातशे मुनींवरचा उपसर्ग दूर करायला विष्णुकुमार मुनींनी वामनाचं रूप घेतलं होतं. त्या तीन पावलांनी काय झालं ते सांगायला नको. लहान दिसतं ते लहान असतंच असं नाही, आणि मी लहान केलं म्हणून त्यातला जीव लहान होत नाही.

मग आता काय करायचं? मी वड टाकला नाही. त्याची जबाबदारी माझी आहे. मात्र काही नियम घेतले, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बोन्साय आहे त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

नवं बोन्साय विकत आणायचं नाही, डोंगरातून किंवा रानातून झाड उकरून तर मुळीच नाही. गच्ची साफ करताना जे रोप उपटलंच जाणार आहे तेवढंच उचलायचं, आणि शक्य असेल तर तेही जमिनीतच लावायचं.

तार शक्यतो वापरायची नाही. एका पावसाळ्यात मी तार काढायला विसरले होते. खोड फुगलं आणि तार सालीत रुतली, तो वळ अजून तसाच आहे. आता फक्त शेंडे खुडते. वेळ जास्त लागतो, पण कोवळ्या फांदीला आपोआप वळण येतं.

खतात हाडांचा चुरा नको. बोन्सायच्या मातीच्या बहुतेक कृतींत तो सांगितलेला असतो आणि नर्सरीच्या तयार मिश्रणातही असू शकतो, म्हणून विचारून घ्या. मी विटांचा चुरा, बारीक खडी आणि जुनं कुजलेलं शेणखत वापरते. झाड छान आहे.

कीड पडली तर औषध फवारायचं नाही. खरं तर हा मुद्दा छाटणीपेक्षा मोठा आहे. फांदी एकेंद्रिय, पण मिलीबग त्रस जीव, आणि जाणूनबुजून त्रस हिंसा आपल्या अणुव्रतात बसत नाही. कीड लागलेलं पान देठासकट काढून खाली बागेत झुडपांत ठेवते. झाड उन्हावाऱ्यात ठेवलं, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली की कीड कमीच येते. कुंडी बदलण्याआधी माती नीट बघून घ्यायची, मुंग्या असतील तर त्यांना दुसरीकडे जायला दोन दिवस द्यायचे.

आणि पाणी. सकाळी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, मे महिन्यात संध्याकाळी पुन्हा एकदा. गावाला जाताना शेजारी सांगून जायचं. ज्याला अन्नपाणी शोधता येत नाही असं आपण केलं, त्याचं अन्नपाणी चुकलं तर तो अतिचार माझ्याच खात्यात.

माझ्याकडे एक उंबरही होता, आठ वर्षांचा. गेल्या आषाढात तो कुंभोजजवळ माझ्या माहेरच्या शेताच्या बांधावर लावून आले. भावाला वाटलं होतं, इतकी वर्षं कुंडीत राहिलेलं झाड काय धरणार. परवा त्यानं फोटो पाठवला. त्याच्या छातीला लागलाय. माझी घातलेली वळणं खाली बुंध्याशी तशीच दिसतात, त्याच्यावर मात्र उंबर सरळ गेलाय.

वडाचं तसं करावं का, ते अजून ठरत नाही. वटपौर्णिमेला आमच्या इमारतीतल्या बायका तो पार्किंगमध्ये नेतात, त्या दिवशी तोडलेल्या फांद्या कोणी विकत आणत नाही. तेवढ्यापुरता तो काही फांद्या वाचवतो, असं मनाला समजावते. ती पळवाट आहे की खरं कारण, हे मलाच नीट कळत नाही. आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "घाई कशाला, येत्या दशलक्षणात पुन्हा सातवा अध्याय आहेच की." मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते तेव्हा वडाला पाणी त्यांनीच घातलं.

तुमच्या घरी बोन्साय असेल तर तुम्ही काय करता ते जरूर कळवा. लिहिताना शास्त्राच्या विरुद्ध काही गेलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.